एक जून

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली,
तशी ते वाईट बातमीच वळवतात.
"सिबिल पडलंय, ताई. पाचशे अडुसष्ट.
शिरपूरला मोटारसायकल घेतली होती का?
अठरा हप्ते थकलेत."

मला सायकलसुद्धा येत नाही.
अमळनेरबाहेर शेवटची गेले ती एरंडोलला,
नणंदेच्या बाळंतपणाला.
मला फक्त कांडप यंत्र हवं होतं, पाच हॉर्सपॉवरचं.
माझं तीनचं आता फापडा मिरचीला धापा टाकतं.

रिपोर्ट आला, सात पानांचा.
नाव माझंच: रत्ना भिका पाटील.
पत्ते दोन, त्यातला एक मी कधी पाहिलेला नाही.
जन्मतारीख एक जून.
इथे मी हसले.
साहेबांना वाटलं, धक्का बसला.

कसं सांगू त्यांना,
की आमच्या झोपे गुरुजींनी अख्खा वर्ग
एक जूनला जन्माला घातला होता,
एका दुपारी, एकाच दौतीत टाक बुडवून.
सहा वर्षं पूर्ण दाखवायची होती
आणि आयांना तारखा येत नव्हत्या.
माझी माय म्हणायची, तू रोटना दिन हुयनी.
म्हणजे कानबाई, म्हणजे श्रावण.
कुठल्या सालचा श्रावण, ते गुरुजींनी ठरवलं.

तक्रार पुतण्याने फोनवर भरली.
हे खातं माझं नाही. हा पत्ता माझा नाही.
मग खाली एक चौकट:
जन्मतारीख बरोबर आहे का?
माझं बोट तिथेच अडलं.
"काकू, हो दाब ना."
दाबलं.
एक खोटं खोडायला दुसरं शाबूत ठेवलं.

तीस दिवसांनी उत्तर आलं:
बँकेने तपासले, माहिती योग्य आहे.

मग मी निघालेच. बेटावदवरून एस.टी.,
मांडीवर पिशवी, पिशवीत आधार, पॅन, वीजबिल,
आणि सगळ्याला माझ्या घराचा वास.
शिरपूरच्या शाखेतला पोरगा पहिल्याच कागदाला शिंकला.
तीनदा शिंकला, डोळे पुसले,
आणि बहुतेक सुटका व्हावी म्हणूनच
जुनी फाइल काढून आणली.

त्या कर्जाला पॅन नंबर जोडलेलाच नव्हता.
नाव आणि तारीख, एवढ्या दोन गुणांवर
कुणीतरी आम्हा दोघींची पत्रिका जुळवली होती.

फाइलीत फोटो. गाडीला झेंडूचा हार,
शेजारी ती, पदर सावरून,
मागच्या सीटवर एक पोरगा, मिसरूड न फुटलेला.
तिचाही नवरा भिका. दोन गावांतल्या दोन सासवांनी
पोरगं जगावं म्हणून यमाला एकच नाव सांगितलं असणार.
आणि तिचीही शाळा, तिचेही कुणी गुरुजी.

"हप्ते का थकले हिचे?"
"ते तुम्हाला सांगता येत नाही, ताई."
चार महिने हाच प्रश्न सगळे मला विचारत होते.

दुसऱ्या अर्जाला बावीस दिवस लागले.
सात पानांची सहा झाली.
चुकलो, असं कुठे लिहिलेलं नाही,
नुसती ती गाडी निघून गेली,
हारासकट, पोरासकट.
यंत्र मेमध्ये बसलं. छान चालतं.

आज सकाळी बँकेचा मेसेज:
प्रिय रत्ना, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
तापीपलीकडेही गेला असेल का?
थकलेल्यांना पाठवतात की नाही, माहीत नाही.
माय असती तर म्हणाली असती, अजून श्रावण लांब शे.
मी फोन पालथा ठेवला,
हाताला मिरची होती.