बूच

गाडी बघायला आलेल्या पोराला मी आधी दोष सांगितले.
पापा असते तर त्यांनी आधी बॉनेट उघडलं असतं.

पेट्रोल पिते, म्हटलं, हात न आखडता.
ऑइलही पिते. डिकीत कायम एक बाटली ठेव.
आणि गार इंजिन चालू करून लगेच बंद करू नकोस,
नुसती सावलीत सरकवायची म्हणूनसुद्धा नाही.
रुसते. मग अर्धा दिवस प्लग पुसत बस.

पोराचं नाव यादिएल, पोन्सेच्या बंदरावर क्रेनवर असतो.
मान हलवत होता, कान इंजिनाकडे.

आमच्या विल्फ्रेदोकाकाचं मत वेगळं.
त्याच्याकडे एकच कोरोला, सव्वीस वर्षं.
गाडी अशी हवी, म्हणतो, की तिची आठवणच येऊ नये.
समोरच्या इवेलिसबाई तीस वर्षं
या आवाजाच्या नावानं बोटं मोडत आल्या.
पापा गेले त्या आठवड्यात दारात येऊन म्हणाल्या,
सकाळी सहाला एकदा चालू करत जा गं,
मला जाग येत नाही.

पापा साखर कारखान्यात फिटर होते.
जपान त्यांनी पाहिलं नव्हतं, आमच्या बेटाचं पश्चिम टोकही दोनदाच.
पण हिरोशिमाच्या त्या कंपनीबद्दल असे बोलायचे
जसे काही लग्नानंतर थोड्या लांब गेलेल्या बहिणीबद्दल.
सुरुवात कशाची केली ठाऊक आहे? बुचांची.
बाटलीची बुचं, बुचाचे पत्रे.
मग हत्यारं. मग तीन चाकांचे टेम्पो.
मग ती सकाळ.
इथे त्यांचा आवाज खाली यायचा.
कारखाना टेकडीआड होता म्हणून उभा राहिला,
आणि जे चालू शकत होते ते तिकडेच चालत आले.
त्याच वर्षाच्या शेवटी, नेरेइदा, त्याच वर्षाच्या,
पुन्हा तीन चाकं गेटबाहेर पडली.
हे सांगताना ते नेहमी काहीतरी पुसत असायचे,
पाना, हात, नसलाच तर टेबल.

इंजिनाचं मात्र मला त्यांनी स्वयंपाकघरात शिकवलं.
बाकीच्यांची इंजिनं म्हणजे मुसळ,
वर-खाली, वर-खाली, कांडत राहतात.
हे जातं आहे. फिरतं.
भुईमुगाच्या शेंगेसारखी पोकळी,
आत फुगीर बाजूंचा त्रिकोण,
तिन्ही टोकं भिंतीला टेकून गरगर.
सुरुवातीला ती टोकं भिंतीवर ओरखडे काढायची.
सैतानाची नखं, असं म्हणायचे तिथले इंजिनियर.
वर्षानुवर्षं एकेक वस्तू लावून पाहिली टोकांना,
म्हणे घोड्याचं हाडसुद्धा.
घोड्याचं हाड! पापा हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहायचे.
मग एकदम गंभीर:
हसणारे तेव्हाही होतेच.

त्यांचं शेवटचं इंजिन मीच उतरवलं त्यांच्यासोबत,
वादळानंतर, वीज नव्हती ते तीन महिने, मेणबत्तीवर.
भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं
आणि काही न बोलता माझं बोट धरून फिरवलं.
ओरखडा होता. केसाएवढा.
त्यांच्या फुप्फुसाचा फोटो आम्हाला पुढच्या वर्षी दाखवला.

यादिएलनं दोषांची उजळणी केली नाही,
भाव पाडला नाही.
एवढंच विचारलं, चालू करून दाखवता?
मी किल्ली फिरवली.
ब्रप. ब्रप. ब्रप-ब्रप-ब्रप.
समोरची खिडकी उघडली.
पोराच्या हातावर काटा आलेला मी पाहिला
आणि वळून उगीच आरसा नीट केला.

किल्लीला बूच आहे, रमच्या बाटलीचं,
पापांनी दाभणानं भोक पाडून तार ओवलेली.
समुद्रात पडली तर तरंगेल, म्हणायचे.
समुद्रात आम्ही गाडी नेली नाही कधी.
ते काढून ठेवायचं ठरवून बाहेर आले होते,
पक्कडही होती खिशात.

वजन कसं ते नाहीच त्याला.
त्याच्या तळव्यावर ठेवलं
तेव्हा त्यालाही कळलं नाही, दिलं की नाही ते.
गार असताना बंद करू नकोस, म्हटलं,
दुसऱ्यांदा.