दोन मिलिमीटर

रोबो बसवायचा तर आधी फरशी फोडावी लागते.
कंपनीच्या माणसाने खडूने चौकोन आखला,
मीटर बाय मीटर, खोली दोन फूट,
म्हणाला, मॅडम, केसभरही हलता कामा नये.
दुपारभर ब्रेकर चालला.
काँक्रीट निघालं, खाली पारसिकच्या डोंगराचा मुरूम,
त्याखाली काळी माती, ओली,
शेड उभी राहिल्यापासून ऊन न पाहिलेली,
आणि तिच्यात शंख. नखाएवढे. रिकामे.

हसुराम मढवी टॉर्च बाजूला ठेवून वाकला.
"ही आमची," एवढंच बोलला.
रबाळ्यातल्या ह्या प्लॉटवर त्याच्या बापाचं भात व्हायचं
हे मला ठाऊक होतं, पण कागदावर.
सिमेंटच्या रिकाम्या गोणीत त्याने ती भरली,
स्कूटरवर पायाशी ठेवली
आणि हॉर्न न वाजवता गेटबाहेर पडला.

रोबो आला चाकणहून, जुना, नारिंगी,
आधीच्या मालकाचं स्टिकर अर्धं खरवडलेलं.
पोरांना त्याचं बारसं करायचं होतं.
म्हटलं, कर्ज फिटेपर्यंत नाव ठेवायचं नाही.
तरी सकाळी बघते तर
मनगटाला कुणीतरी कुंकू लावलेलं.

पहिल्या आठवड्यात चाळीस ब्रॅकेटांत अकरा रिजेक्ट.
वेल्ड सुरेख, पट्टीने ओढल्यासारखा,
फक्त सांध्याच्या शेजारून गेलेला.
मी फोनवर तासभर भांडले.
पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला,
रोबो बरोबर आहे, तुमचा पत्रा मोजा.
मोजला.
कुठे एक मिलिमीटर फट, कुठे दोन,
प्रेसची डाय झिजून झिजून गुळगुळीत झालेली.
कधीपासून?

हसुरामने चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला.
"लय वर्सं झाली. मी भरायचो."

मी भरायचो.
ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं, जॉबकार्डावर नव्हतं,
नगामागच्या दरातही नव्हतं.
काच खाली ओढायची, हात किंचित थांबवायचा,
धातू त्या फटीत उतरू द्यायचा आणि पुढे जायचं,
बावीस वर्षं, रोज शे-दीडशे वेळा.
प्रदर्शनात मी कॅल्क्युलेटरवर मांडलं होतं:
एक रोबो म्हणजे अडीच वेल्डर.
त्या अडीचमध्ये
हे मी कुठे धरलं होतं?

नवी डाय एक लाख ऐंशी हजार.
दिलशादचं कंत्राट मार्चमध्ये संपलं.
ते मी त्याला केबिनमध्ये नाही, गेटपाशी सांगितलं,
निघता निघता, गाडीची किल्ली हातात.
तो म्हणाला, हातमोजे कुणाकडे देऊ?
ते अजून माझ्या कपाटात आहेत,
उजव्याची दोन बोटं जळलेली.

आता हसुराम हाताला धरून त्याला वाट शिकवतो,
बिंदू बिंदू, नातवाला पाटी गिरवायला लावावी तसा.
"यो आंधला हाय," तो मला समजावतो,
"पन सांगलंला इसरत नाय."
आणि कोपऱ्यावर आला की स्वतःच्या सवयीने
किंचित थांबतो.
ती थांबणीही मशीनमध्ये नोंदली गेली आहे.
इंजिनीअरला ती चूक वाटली, काढू का म्हणाला.
राहू दे म्हटलं.
नगामागे सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो.

काल चहाला मी विचारलं, त्या मातीचं काय केलंत?
टेरेसवर ड्रमात टाकली, म्हणाला,
मूठभर भात फेकलंय वरून, बायको हसते.
उगवलं का?
त्याने अंगठा आणि तर्जनी समोर धरून
मधलं अंतर दाखवलं.
व्हर्नियर माझ्या खिशातच होता.
मी तो काढला नाही.

चाळीसात एक रिजेक्ट, आजचा.
हप्ता पाच तारखेला.