सातवा रकाना

फॉर्मच्या सातव्या रकान्यात
एकच ओळ मावते : नुकसान कसे झाले.
बहुतेक जण लिहितात, दगड.
ईस्टर्न फ्रीवे, पुढे डंपर, उडालेला दगड.
मी बावीस वर्षं सर्व्हे करतोय,
डंपरांनी खरंच एवढे दगड उडवले असते
तर अख्खी गिल्बर्ट हिल
केव्हाच संपली असती.

तोरसकरबाईंनी रकाना कोरा ठेवला होता.

चेंबूरला सुभाषनगरात त्यांची इमारत, रीडेव्हलपमेंटमधली.
दोन मजले जमिनीखाली उतरल्यावर
खांब क्रमांक सत्तेचाळीस,
आणि चार्जरला लावलेली पांढरी गाडी,
सलाईनवरच्या पेशंटसारखी गप्प.
पुढच्या काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत
एक रेघ, मध्येच कलती,
मिठी नदी नकाशात वळते तशी.

"रात्री लावली तेव्हा नव्हती," बाई म्हणाल्या,
"सकाळी साडेसहाला होती.
साडेदहापर्यंत चार बोटं वाढली."
काचेवर मास्किंग टेपचे तुकडे,
प्रत्येकावर वेळ, निळ्या शाईत.
नायरच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं
रीडिंग घेतलेला हात.

मी म्हटलं, बाई, दगड लिहा.
दगड लिहिला की सोपं जातं,
काचेला घसारा लागत नाही,
हजार रुपये तुमचे, बाकी कंपनीचे.
आपोआप तडकली म्हणाल
तर विमावाले म्हणतील, गाडीतच दोष,
गाडीवाले म्हणतील, विम्याकडे जा,
आणि तुम्ही मध्ये,
काचेच्या दोन थरांत
प्लास्टिकचा पापुद्रा असतो ना, तशा.

त्या म्हणाल्या, "पण दगड मी पाहिला नाही."

मग मी बॉलपेन काढलं.
धंद्यातली जुनी युक्ती :
टोक रेघेवरून हलकेच न्यायचं,
अडखळलं तर मार बाहेरचा,
नाही अडखळलं तर दुखणं काचेचंच.
उजव्या कडेपासून निघालो.
पेन सरकत गेलं, तेल लावल्यासारखं,
आरशामागच्या कॅमेऱ्याखालून,
टेपच्या साडेआठवरून, पावणेदहावरून.
बाई पेनकडे बघत नव्हत्या,
माझ्या मनगटाकडे बघत होत्या.
पार शेवटी, वायपरच्या रबराखाली
ते अडखळलं.
टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा.

अडखळलं,
की सवयीने मीच जरा दाबलं,
ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.
स्केलपट्टी लावून फोटो काढला.
रिपोर्टात लिहिलं : बाह्य, आकस्मिक. अज्ञात वस्तू.

काच यायला एकोणीस दिवस लागले.
बिलात एक ओळ वेगळी होती,
कॅमेरा कॅलिब्रेशन, अकरा हजार आठशे.
काच बदलली की गाडीला
रस्त्यावरचे पट्टे पुन्हा ओळखायला शिकवावं लागतं,
समोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा तक्ता धरून,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा.
कंपनीने काच मंजूर केली,
नजर नामंजूर.
पॉलिसी मी तीनदा वाचली.
तिच्यात नजर हा शब्दच नाही.

बाईंनी पैसे भरले. भांडल्या नाहीत.
नवा फास्टॅग लावला, सोसायटीचा स्टिकर लावला,
आणि गुरुवारी दुपारी मला फोन केला :
"तो खड्डा आधीपासून होता का हो?"

मी म्हटलं, आता कसं सांगणार,
जुनी काच वर्कशॉपवाल्यांनी भंगारात दिली असणार.

"नाही," त्या म्हणाल्या,
"मी घरी आणलीय. चादरीत गुंडाळून.
सवड झाली की या.
पेन घेऊन या."