रेशनकार्डावर दिलीप

रेशनकार्डावर अप्पा दिलीप होते,
मतदार यादीत फिलिप्स,
म्हणून गल्लीतली पोरं त्यांना ‘बल्ब’ म्हणायची.

पास्टर लोंढे सांगायचे, नाव ग्रीक आहे,
अर्थ : घोड्यांवर जीव असलेला.
त्या नावाचे राजे झाले म्हणे ढिगानं,
एकाचा पोरगा तर पार झेलमपर्यंत आला.
अप्पांना आवडायचा तो शास्त्रातला,
रथाच्या कडेनं धावत
आतल्या माणसाला विचारणारा :
वाचताय ते उमगतंय का?

अप्पा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय.
एकतीस वर्षं स्ट्रेचरच्या कडेनं पळाले
सलाइनची बाटली उंच धरून –
ऐकू येतंय का? ओ काका, ऐकू येतंय का?

घोडा ओळखीचा एकच,
हुसेन मुजावरांच्या टांग्याचा,
स्टेशनवरून पेशंट आणणारा.
रात्रपाळी सुटली की खिशातले हरभरे
त्याच्या तोंडाशी.
घरी कधी आणले नाहीत.

परवा तहसीलमध्ये, खिडकी नंबर तीन.
“नाव दुरुस्त करायचं, का कमी?
मयताचं कमी करतात.”

म्हटलं, आधी नीट लिहा.
फला पहिली वेलांटी,
लला दुसरी.

मग कमी करा.