व्यत्यय

सारसोळ्याच्या जेट्टीवर संयुक्त समिती आली
बुधवारी, सकाळी अकराला.
तीन गाड्या, एक बस, छत्रीवाला शिपाई,
आणि प्रतिवेदक शाखेची मी,
मांडीवर वही, तासलेल्या दोन पेन्सिली.

विधेयकाचं नाव लांबलचक:
हवामान, स्वच्छ ऊर्जा, पाणथळ
व तदनुषंगिक बाबी.
माझ्या लघुलिपीत त्याला
एक वळण आणि दोन टिंबं पुरतात.

आज खंड सात. व्याख्या.
‘पाणथळ म्हणजे, भरतीचे पाणी
जेथवर पोचते, अशी जागा.’
सचिवांनी दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा समोर बघत.
समोर तिवरांपर्यंत भेगाळलेली खार.
ओल उरली होती तिथून एक निवटी
डोळे वर काढून समितीला न्याहाळत होती.

मा. सदस्य: ही तर पडीक जमीन.
मा. सदस्य: पोटखंड (ग) नुसार सौर प्रकल्पांना सूट आहे,
इथे रस्त्यापर्यंत पॅनेलं बसतील.
मा. सदस्या: माझ्याकडे पोरं मेणबत्तीवर दहावी करतात,
मला सूर्य हवा. कुठलाही. कुणाच्याही जागेवरचा.
(शांतता.)
मा. सदस्य: इथे डास फार आहेत का?
(हशा.)

सुगंधा तांडेल कालवांची टोपली उतरवून
मघापासून कठड्याला टेकून ऐकत होती.
‘भरतीचा पानी म्हनतंस ना? कंचे तिथीचा?’

सचिव म्हणाले, काय?

‘आज आठम हाय. पानी निजलंय.
अवसेला ये. तुजे गारीची चाकं धुवील.’

सचिवांनी मसुदा उलटा-सुलटा केला.
त्यात अंश होते, मीटर होते,
अधिसूचनेचा दिनांक होता. तिथी नव्हती.
अध्यक्ष म्हणाले, बाईंचं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही,
हे नोंदीवर घेऊ नका.
तोवर माझी पेन्सिल पुढे निघून गेलेली.
‘तिथी’ हे इतकं बारीक वळण असतं
की पुसायला अंगठा पुरतो.

पुसलं नाही.

रात्री घणसोलीत, सोसायटीच्या कार्यालयात,
मी पंपाच्या भाड्याच्या पावत्या मागितल्या.
आमच्या तळघरातल्या वाहनतळात
गटारातून उलटं पाणी चढतं,
खारट. गाड्यांचे पत्रे खातं.
अकरा वर्षं वर्गणी भरतेय, कधी
तारखा बघितल्या नव्हत्या.
वॉचमनच्या खोलीतली दिनदर्शिका आणून
एकेक पावती जुळवली.
पुनव. अवस. पुनव. अवस.
एक चुकली, तेव्हा पंपच बिघडला होता.
खजिनदार चिंतामण गोवारी म्हणाले,
मॅडम, यात काय घोटाळा आहे का?

काय सांगणार.

गुरुवारी प्रतिवेदन टंकून दिलं.
बाईंच्या बोलण्याच्या जागी, नियमाप्रमाणे,
कंसात एकच शब्द: (व्यत्यय).
वही मात्र माझ्या खणात आहे.

अवस येत्या बुधवारी.
दुपारी बाराच्या सुमारास भरती.
अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.
कारण या रकान्यात काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.