नाना, आधी गाडी बंद कर

नाना, आधी गाडी बंद कर.
चावी काढ. खिशात नको,
टाकीवर ठेव, त्यांना दिसू दे.
बोळातनं वळवू नको.
बोळ मला पण माहितीय,
पण मागं मी बसलीय,
मांडीवर साखरपुड्याच्या बुंदीचा डबा घेऊन.

पाय टेक. दोन्ही.
बॅरिकेड चार नाहीत, दोनच आहेत.

मॅडम म्हण. ‘ओ बाई’ नको.
छातीवरच्या पाटीवर कोळेकर लिहिलंय
म्हणून लगेच तुझ्या कारखान्यातला कोळेकर काढू नको.
नगरसेवकाचं नाव तर अजिबात नको,
त्याच्या पोरीच्या लग्नात तू पंगत वाढलीस फक्त,
त्याला तुझं नाव येत नाही.

‘थोडीशीच घेतली’ असं सगळेच म्हणतात.
आत्ता त्या पांढऱ्या गाडीतला म्हणाला,
शर्टाची बटणं एक घर चुकवून.
तू काही म्हणूच नको.
विचारलं तर हो म्हण.

लायसन पाकिटात आहे, वीजबिलाच्या मागं.
हळू काढ.
पाचशेची नोट वर येतीय.
आत सार ती.
बोटानं, आत.

बडीशेप थुंक.
मशीनला नाक नसतंय, नाना,
ते फक्त मोजतं.

बालवाडीच्या फाटकात
तू असाच वाकला होतास माझ्यापुढं:
रडायचं नाही,
नाव विचारलं तर पूर्ण सांगायचं,
पाणी मागायला लाजायचं नाही.
तेव्हा तुझ्या अंगाला
कांजीचा वास यायचा. नुसता कांजीचा.

ही नळी घे. कांडीएवढीच आहे.
नवी आहे, पाकीट तुझ्यासमोर फोडलं त्यांनी.
ओठ लाव. फुंक.
चोरून नको, पूर्ण फुंक,
गालातल्या गालात फिरवायला
तू गड्ड्यातला फुगेवाला नाहीस.
परत म्हणतायत.
परत फुंक.

एकशे अठरा.

तीसच्या वर गुन्हा, मॅडम सांगतात,
टॉवेलचा भाव सांगावा तशा आवाजात.
तू माझ्याकडं बघतोस.
माझ्याकडं बघू नको.
मघाशी अक्कलकोट रोडला तो उसाचा ट्रॅक्टर,
मागं एक लाइट नसलेला,
तू बघून नाही वळलास,
माझ्या ओरडण्यावर वळलास.
तेव्हापासून ह्या चौकापर्यंत
मी कुणीतरी अडवावं म्हणत होते.
अडवलं.
मला बरं वाटतंय, नाना,
आणि ते तुला दिसायला नको.

सही कर. वाचून कर.
‘अंबादास’ एवढंच नको, येमूल पण लिही.
गाडी इथंच राहणार. हुज्जत नको,
टायर नवीन आहेत हे त्यांना सांगून काय होणार?
कोर्ट सोमवारी.
कागद माझ्याकडं दे,
तू पाण्यात घालशील कपड्याबरोबर.
आईला मी सांगत नाही.
तू सांगायचं.

रिक्षा नको म्हणालास. बरं, चालू.

दाजी पेठेकडं वळताना एका शेडमध्ये रात्रपाळी,
खटक खटक खटक खटक,
तू मध्येच उभा, मान वाकडी करून.
‘सहावा माग. ताण्याचा धागा तुटलाय. ऐक.’
मला सगळे माग सारखेच ऐकू येतात.
‘तुटला की थांबायला पायजे की मशीन.
पिन पडली नाही वाटतं.
पुढचं सगळं कापड वाया जातंय बघ.’

तुझी जीभ जड आहे,
पाय गटारीच्या कडेला गेलाय,
आणि तू निघालास पत्र्याचं दार वाजवायला.

थांब.
हा डबा धर.
दोन्ही हातांनी.
दार मी वाजवते.