पंच्याण्णव

झाकणाच्या आत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं,
वाचलं कुणी?
चाळीस लाखांची गाडी, आणि कावळा नाक्याच्या पंपावर
लिटरमागं आठ रुपये वाचवून
गडी खूश.

मग वाघबीळच्या चढाला बॉनेटखाली
कुणी फुटाणे भाजावेत तसा आवाज.

उद्यमनगरात इलाहीभाईनं
लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावलं, एक कानाला,
आणि डोळे मिटले.
"ठोकतंय. साधं घालताय न्हवं?
टर्बो हवा दाबून दाबून भरतोय आत,
तुमचं पेट्रोल ठिणगीची वाटच बघंना.
पंच्याण्णव घाला.
जोर जास्त म्हणून न्हाई,
त्याला थांबाय येतंय म्हणून."

पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

टाकी भरून निघालो.
शिरोलीच्या पुलावर धनपालचा फोन:
फाउंड्रीचा हिशेब, पुन्हा तीच रक्कम,
पुन्हा तेच, "दादा, तुझं चुकलंय."
शब्द दातांपर्यंत आला,
दाबलेला, तापलेला.

खाली पंचगंगा.

"बोल," म्हटलं. "सगळं बोलून घे."

टोलनाक्यापर्यंत बोलला.
मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात,
"दादा, गाडी बंद पडली काय रे?
काहीच ऐकू येईना."